उतरवलेली मिशी

"हलू नको, ज्ञानू. मिशी परत येती, ओठ येत नाय," गेणू म्हणाला आणि त्यानं वस्तरा टेकवला.

गेणू न्हावी दर शनिवारी जुन्नरहून घाटघरला येतो. बहिरूच्या अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची मांडतो आणि दुपारपर्यंत अख्ख्या आळीच्या दाढ्या उरकतो. पण आज त्याचा हात जड झाला होता. बाप समोर ओट्यावर चहा फुर्र फुर्र पीत बसलेला, आणि पोराची मिशी उतरवायची? बहिरूच्या भावकीत रीत ठरलेली. बाप गेला की पोरांनी त्याच दिवशी मिशी उतरवायची, डोकं दहाव्याला. बाप जिता असताना मिशीला वस्तरा लावणं म्हणजे अभद्र.

"काय मेलं हे खूळ!" चुलीपासून बायडाबाई ओरडली. "जित्या माणसाचं सुतक!"

"तुला थोरला बघायचा हाय का नाय?" बहिरूनं विचारलं.

बायडाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बघायचा होता. सहा वर्षं झाली होती. काळूराम चाकणकडं रस्त्याच्या कामावर होता. त्याला मुलगी झाल्याचंही लोकांकडून कळलं. ना त्याचा फोन, ना यांचा.

भांडण तसं साधंच. नाणेघाट बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी भाताच्या खाचरात तंबू ठोकावेत, असं काळूरामचं म्हणणं. बहिरूचं डोकं फिरलं. सव्वीस वर्षांच्या, भरघोस मिशीच्या पोराला तो चार लोकांत म्हणाला, "अजून मिसरूड फुटलं न्हाई आन बापाला शिकवतो? चालता हो! आजपासून तुजा बाप मेला आसं समज."

काळूराम त्याच दिवशी गाव सोडून खाली उतरला होता.

"मिसरूड काय, कुनालाबी फुटतं," गेणू आता म्हणाला. बोलल्याशिवाय त्याचा वस्तरा चालत नसे. "सातवी-आठवीत सावली धरती, ते मिसरूड. ते आपसूक येतं. मिशी राखावी लागती. काळूरामनं राखली व्हती. पहिली म्याच कोरली. त्याला मिसरूड म्हनला तू, लई लागलं आसंल त्याला."

"लागलं आसंल," बहिरू म्हणाला. "पन पोरगं माजं हाय. माजा शबुद त्यानं कवा खाली पडू दिला नाय. आठ वर्साचा व्हता. जुन्नरच्या बाजारात म्हनलो, मी येईस्तवर हितं बस. आन इसरलो की राव! घरी आल्यावर हिनं इचारलं, काळू कुठंय? पळत गेलो, तर दिवस कलला तरी पोरगं तिथंच बसलेलं. हाललं नव्हतं."

हे सांगताना त्यानं स्वतःच्या पांढऱ्या मिशीला असा काही पीळ दिला की गेणूला हसू आलं.

मिशी उतरली. ज्ञानूनं आरसा घेतला. काळ्यासावळ्या चेहऱ्यावर नाकाखाली सोललेल्या लसणासारखा पांढरा पट्टा.

"पावडर लावा की राव काहीतरी!"

"कशाला? ह्येच तर पायजे," गेणू म्हणाला. "ह्यो पट्टा सांगतो, मिशी आज उतरली. वरीस-दोन वरीस उघडा राह्यला, तवा कुठं गालाच्या रंगाला येतो."

बहिरूचा बेत सरळ होता. ज्ञानूनं फोनवर स्टेटसला आपला हा फोटो ठेवायचा. खाली काही लिहायचं नाही. खोटं बोलायचं नाही.

फोटो ठेवून अर्धा तासही झाला नाही तोच फोन वाजू लागला. काळूराम. परत काळूराम. सात वेळा वाजला. ज्ञानूची बोटं शिवशिवत होती.

"नको उचलू," बहिरू म्हणाला. "उचललास की खोटं बोलावं लागंल. येतोय तो. आन सांगून ठेवतो, मिशी उतरवूनच येनार. उतरवली तर त्यानं मला बाप मानलं. न्हाईतर सोड, मग माजा त्याच्यावर हक नाय."

"आन नाय उतरवली तर?" बायडाबाई दारात आली होती. तिचे डोळे भरलेले.

"उतरवनार!"

दोन वाजायच्या सुमारास चढावर मोटारसायकलचा आवाज आला. काळूराम अंगणात शिरला आणि गाडी पडली तशीच सोडून पुढं धावला. ओट्यावर बाप बसलेला दिसला, तसा जागीच थिजला. मग त्यानं हेल्मेट काढलं.

ओठावर मिशी नव्हती.

"आबा!" म्हणत त्यानं बापाचे पाय धरले आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. बायडाबाईनं त्याचं डोकं छातीशी धरलं. "माजं लेकरू आलं गं बाई!" एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत राहिली.

बहिरू रडत होता आणि हसतही होता. "बघ गेण्या! काय म्हनलो व्हतो? बापासाठी उतरवली का नाय? माजा शबुद पाळनारं पोरगं हाय त्ये! गूळ आन गं, गेणूचं तोंड गोड कर!"

गेणू कौतुकानं जवळ गेला. ज्ञानूनं थोरल्याला मिठी मारली होती आणि दोघांचे चेहरे उन्हात शेजारी शेजारी होते. गेणूनं आधी धाकट्याचा ओठ पाहिला, मग थोरल्याचा.

बायडाबाईनं गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला. तो त्याला तोंडात घालवेना.

धाकट्याच्या ओठावर पांढरा पट्टा होता. थोरल्याचा ओठ गालांइतकाच काळा पडला होता, सहा वर्षांच्या उन्हानं.