काम वाढलंय

“आलेच,” म्हणत ताई तान्ह्या बाळाला गॅरेजच्या माळ्यावर दोन्ही मामांकडे सोपवून गेली, ती परत आलीच नाही. फोनही बंद. मामा दोघेही बिनलग्नाचे, दोघेही मेकॅनिक. बाळाने टाहो फोडला तसं थोरल्याने सवयीने आधी लिकेज तपासलं. लंगोट बदलला, बाटली दिली, तरी भोंगा चालूच.

“डोळ्याला डोळा लागत नाही म्हणत होती रे. जिवाचं काही बरंवाईट तर...”

“दादा, अभद्र बोलू नकोस!” धाकटा धडधडत जिना उतरला. कोपऱ्यापर्यंत पळाला, औषधाच्या दुकानात विचारलं. कुणीच तिला पाहिलं नव्हतं.

हताश होऊन परतला, तर गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाच्या दुरुस्त होऊन उभ्या असलेल्या गाडीपाशी त्याचा पाय थबकला. दाराबाहेर ताईच्या चपला नीट काढून ठेवलेल्या. आत मागच्या सीटवर ती पाय पोटाशी घेऊन चक्क घोरत होती.

तो पाय न वाजवता वर आला आणि माळ्याचं दार लावून घेतलं.

“सापडली?” थोरल्याने विचारलं.

“सापडली.” धाकट्याने रडणारं बाळ खांद्यावर घेतलं. “आता त्या गाडीवाल्याला फोन कर. म्हणावं, काम वाढलंय, गाडी उद्या मिळेल.”