कंबरेच्या तीन शिवणी

“गेल्या वर्षभरात कारण नसताना वजन कमी झालंय का?” विमावाल्या बाईंनी विचारलं आणि पेन फॉर्मवर टेकवून ठेवलं.

“छे! चाळीस वर्षं बस चालवली, आजारपणाची एक रजा नाही,” सासरे म्हणाले. “लिहा, नाही.”

कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसलेल्या सुनेचा पाय थांबला.

टेबलावर दोन योजनांची पत्रकं होती. एकीत आधी डॉक्टरांची तपासणी, दुसरीत नुसती सही. परवा सासऱ्यांना पासष्ट पूर्ण झाली की दोन्हींची दारं बंद. तिच्या नवऱ्याचं बोट केव्हापासून दुसऱ्या पत्रकावर रोवलेलं होतं.

“हीच बरी. तपासणीची कटकट नाही.”

बाई मात्र घाईच्या नव्हत्या. “तपासणी नाही म्हणजे सगळं तुमच्या शब्दावर. उद्या दवाखान्यात भरती झालात आणि आजार जुना निघाला, की कंपनी हात वर करते. तपासणीच्या योजनेत जे निघेल ते लिहून घेतात. त्या आजारासाठी तीन वर्षं थांबायचं, बाकीच्यांसाठी महिनाभर.”

“आणि काही मोठं निघालं तर?”

“तर पॉलिसी देणारही नाहीत कदाचित. खोटं कशाला सांगू?”

नवऱ्याने दुसरं पत्रक बाईंपुढे सरकवलं. “ऐकलंत ना? हीच द्या. बाबा, करा सही.”

सासऱ्यांनी पेन घेतलं आणि सुनेकडे एकदाच पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. नवरा कामावर गेला, की पँट काखेत मारून ते हळूच यायचे. ‘कंबर जरा आत घे. त्याला बोलू नकोस, उगाच डोकं खाईल.’ पहिल्यांदा तिने थट्टा केली होती, ‘बाबा, रोजचं फिरणं मानवलं तुम्हाला!’ दोघंही पोट धरून हसली होती. तिसऱ्यांदा कुणीच हसलं नव्हतं. आपल्यावर विश्वास टाकलाय म्हणून ती गप्प राहिली होती, आणि आता त्या गप्प राहण्याची तिला भीती वाटत होती. बोललं तर हातची पॉलिसी जाईल. नाही बोललं तर माणूस.

पेन कागदाला टेकलं.

ती उठली. कपड्यांच्या ढिगातली वरचीच पँट तिने उचलली, कंबरपट्टी उलटी केली आणि फॉर्मवर पसरली.

“ही शिवण सहा महिन्यांपूर्वीची. ही त्यानंतर दोन महिन्यांनी. ही गेल्या महिन्यातली.” ती एकेक शिवण दाखवत म्हणाली. “आणि आज सकाळी पुन्हा आणून दिलीय.”

नवऱ्याने तिन्ही शिवणींवरून बोट फिरवलं. मग वडिलांकडे असं पाहिलं, जणू कित्येक दिवसांत पाहिलंच नव्हतं. “बाबा?”

सासरे तिच्यावरच उखडले. “गप्प बस म्हणून सांगितलं होतं ना तुला!”

“हो,” ती म्हणाली. “तीन वेळा बसले.”

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

सासऱ्यांनी पँट बाजूला केली. फॉर्मवरचं ‘नाही’ आपल्याच हाताने खोडलं आणि शेजारी ‘हो’ लिहिलं. तपासणीचं पत्रक बाईंकडे सरकवलं.

सून पँट उचलायला वाकली, तर त्यांनी ती धरून ठेवली.

“राहू दे पोरी, आता आत घेऊ नकोस,” ते म्हणाले. “डॉक्टरांकडे अशीच ढगळी घालून जातो.”