लांबच्या पल्ल्याचं तेल

मिस्त्रीने इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं आणि उलटं करून तिच्यासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळट, चिकट थर साचला होता.

"बघा वहिनी, गाडीने लोणी काढलंय."

तिला त्यातलं काही कळत नव्हतं. नवरा चार दिवस तापाने अंथरुणात, गाडी सकाळी सुरू करताना खडखड करायची, म्हणून आज ती घेऊन आली होती. निघताना त्याने उशीवर रेलूनच चिठ्ठी लिहून दिली होती. तिने ती पुढे केली.

मिस्त्रीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. 'जाड तेल टाकणे. रोज लांबचा पल्ला, ऐंशी कि.मी.' खाली दोनदा रेघ मारलेली.

"कोण जातं ऐंशी किलोमीटर?"

"हे जातात. कारखान्यात. सतरा वर्षं, याच गाडीने."

मिस्त्री हसला. "साहेब थट्टा करतात तुमची. ही गाडी दिवसाला दोन-तीन किलोमीटर चालते आणि तापायच्या आत बंद होते. आतला ओलावा उडून जात नाही, तेलात मिसळतो, त्याचं हे लोणी. ऐंशी किलोमीटर पळणाऱ्या गाडीत हे सापडलं तर मी मिशी उतरवीन."

"रेडिएटरचं पाणी उतरलं असेल तेलात." असं काहीतरी तिने कुठेतरी ऐकलं होतं.

"तेही बघितलं. पाणी काठोकाठ आहे."

त्याने दाराच्या आत चिकटवलेलं मागच्या तेलबदलाचं कार्ड दाखवलं. आठ महिने झाले होते. मग मीटर दाखवला. आठ महिन्यांत गाडी पाचशे बारा किलोमीटर चालली होती.

"मीटर बिघडला असेल."

"आत्ताच फेरी मारून आणली. चालतोय."

आठ महिने ती रोज साडेसातला डबा भरून देत होती. संध्याकाळी सातला तो यायचा, "काय ट्रॅफिक होतं" म्हणायचा. क्लच दाबून पाय भरून आले म्हणायचा, आणि ती त्याच्या पोटऱ्या चेपून द्यायची. ताप येईपर्यंत एकही दिवस चुकला नव्हता.

"आणि हे सीटखाली होतं," मिस्त्री म्हणाला. "रद्दी आहे की लागणार आहे?"

वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. सगळी एकाच पानावर दुमडलेली. नोकरीच्या जाहिराती, काहींभोवती पेन्सिलीने गोल, आणि जवळजवळ प्रत्येक गोलावर नंतर मारलेली काट. एका ठिकाणी 'वय पस्तीसपर्यंत' याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलेलं. नवऱ्याला त्रेपन्न पूर्ण झाली होती.

तिला रडू आलं नाही. राग येईल म्हणून तिने थोडी वाट बघितली, तोही आला नाही. 

"लागणार आहे," ती म्हणाली. "जिथे होती तिथेच ठेवा. तशीच."

मिस्त्रीची थट्टा तिथेच थांबली. त्याने गठ्ठा सीटखाली सरकवला आणि फळीवरून दोन डबे काढून आणले.

"हे जाड. लांब पळणाऱ्या, तापणाऱ्या जुन्या इंजिनाला ठीक. पण तुमचं इंजिन गारच असतं. गारठ्यात हे वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, तोवर लोखंडावर लोखंड घासतं. तीच ती सकाळची खडखड. हे दुसरं पातळ, चावी फिरवली की पोचतं. मात्र किलोमीटर मोजत बसायचं नाही, तीन महिने झाले की बदलायचं."

"आणि जाडच टाकलं तर?"

"चालेल की. रोज चालेल. मग एक दिवस नाही चालणार."

फोन वाजला. नवरा होता, आवाज तापाने बसलेला.

"जाड सांगितलंस ना?"

"हो."

"मिस्त्री काही म्हणाला?"

तिने इंजिनावर उलट्या ठेवलेल्या झाकणाकडे बघितलं. "म्हणाला, गाडी जपून वापरलीय."

पलीकडे त्याने खोकून घेतलं. मग "सावकाश ये" म्हणाला आणि फोन ठेवला.

"पातळ टाका," ती मिस्त्रीला म्हणाली. "कार्डावर जाड लिहा."

"मला काय, लिहितो. पण वहिनी, एकदा बोलून टाका ना त्यांच्याशी. माणूस मोकळा होईल."

"ते त्यांनी मला सांगायचंय."

मिस्त्रीने तेल बदललं, कार्ड लिहिलं, चिकटवलं. चावी देताना म्हणाला, "आठवड्यातून एकदा तरी तासभर सलग पळवा. नुसतं तेल बदलून भागत नाही. तापू द्या तिला."

घराचं वळण आलं. तिने ते घेतलं नाही, सरळ कारखान्याच्या रस्त्याला लागली. वाटेत ट्रॅफिक असं नव्हतंच. चाळीस किलोमीटरवर फाटक होतं, त्याला कुलूप आणि कुलपाला गंज. पहारेकऱ्याची खुर्ची आत उलटी पडली होती. तापमानाचा काटा मधोमध येऊन थांबला होता. तिने इंजिन बंद न करता गाडी वळवली.

ती घरी पोचली तेव्हा तो शाल गुंडाळून फाटकाशी उभा होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"किती उशीर," तो म्हणाला. "फोनवर बोललो त्याला अडीच तास होत आले."

"काय ट्रॅफिक होतं," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग उघड्या दारातून वाकून मीटरकडे बघितलं, बराच वेळ. सरळ होताना आधारासाठी त्याने बॉनेटवर हात टेकला. बॉनेट चांगलंच तापलेलं होतं. हात त्याने काढला नाही.