पाणी उतरेपर्यंत

तिसऱ्या दिवशीही खड्डा तुडुंब भरलेला होता. एफ्राइनने पहार बाजूला टेकवली आणि आत डोकावून पाहिलं.

"आई, हे पाणी काही हटत नाही."

"मग गुलाब लावायचे नाहीत," ओब्दुलिया म्हणाली. "मुळं सडतील. बावीस वर्षं फुलांच्या कंपनीत मी काय झक मारली? संध्याकाळी खड्डा पाण्याने भरायचा. सकाळी कोरडा दिसला, तरच रोप."

कायाम्बे गावात हे शेंबडं पोरही सांगेल. वरची माती भुसभुशीत, पण हातभर खाली ज्वालामुखीच्या राखेचा थर, दगडासारखा घट्ट. तो फोडल्याशिवाय पाणी जाणार कुठे?

एफ्राइनने तो फोडला होता. तळाला खडी पसरली, मातीत गिनीपिगांच्या कुजलेल्या लेंड्या कालवल्या, उताराकडे चर काढला. काम इतकं चोख होतं की पाणी दोन तासांत उतरत होतं. हे फक्त ओब्दुलियाला माहीत होतं. रोज पहाटे तो उठायच्या आत ती हौदातून सहा बादल्या आणून खड्डा पुन्हा भरत होती. कंबर बोंबलायची, पण इलाज नव्हता.

गुलाब लावल्याशिवाय माद्रिदला जाणार नाही, असा शब्द त्याने दिला होता. थोरला असाच गेला आणि नऊ वर्षांत फक्त फोनवर दिसला. हा तरी तिला जवळ हवा होता. पण थांब म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

कुंपणापलीकडून शेजारचे रिगोबेर्तोकाका ओरडले, "काय रे, गुलाब लावतोयस की मासे पाळतोयस?"

"मासेच, काका. आईला तळून घालतो."

दुपारी माद्रिदहून मामाचा फोन आला. तिकिटासाठी त्याला तारीख हवी होती. "आणखी किती दिवस?" त्याचा चढलेला आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

"पाणीच उतरत नाही, मामा. मी तरी काय करू?"

ओब्दुलियाला स्वतःची लाज वाटली. कामाला वाघ असलेला पोरगा आपण एका खड्ड्यात अडकवून ठेवलाय. आता पुरे, तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तरी ती अंथरुणातच पडून राहिली. उजाडल्यावर कॉफी ठेवली आणि खिडकीशी आली. खड्डा कोरडा होता. एफ्राइन काठावर कितीतरी वेळ नुसता उभा होता. तिने शालीच्या टोकाने डोळे पुसले. त्याच्या बॅगेत कुठला स्वेटर घालायचा, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

त्याने स्वयंपाकघराकडे नजर टाकली. ती चटकन पडद्याआड सरकली. मग त्याने बादली उचलली आणि हौदाकडे गेला. आवाज होऊ नये म्हणून तो पाणी अगदी हळू ओतत होता. खड्डा काठोकाठ भरल्यावर त्याने हात झटकले आणि हाक मारली.

"आई, आजही पाणी उतरलं नाही बघ."