सर्व्हिस रिपोर्टवरचा शेरा

तनुजानं तिसऱ्यांदा ते सॉफ्टवेअर उडवलं, तिसऱ्यांदा टाकलं, आणि मॅक कंप्युटरनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं: प्रमाणपत्र वैध नाही, सर्व्हरशी जोडणी होत नाही. काय म्हणावं या यंत्राला? एवढं देखणं, आणि हट्ट बघा.

सव्वातीन झाले होते. ज्यांच्या घरी ती आली होती त्या नीरजाताईंना चार वाजता घरूनच, याच मॅकवरून पुण्याच्या कंपनीत पहिल्या दिवसाची हजेरी लावायची होती. त्यासाठी कंपनीचं हे सॉफ्टवेअर, ज्याला ते लोक क्लायंट म्हणतात, सर्व्हरला जोडलं जायला हवं होतं. तनुजाचंही घोडं तिथंच अडलं होतं. दोन वर्षं कंप्युटरच्या दुकानाच्या काउंटरवर माउस आणि केबली विकल्यावर मालक कचरूभाऊंनी तिला पहिल्यांदाच एकटीला बाहेरच्या कामाला धाडलं होतं. निघताना म्हणाले होते, "चारच्या आत जमलं तर इथून पुढं बाहेरची कामं तुझी. नाय जमलं तर मी येतो, अन् तू उद्यापासून परत काउंटरवर."

करायचं तरी काय राहिलं होतं? फाइल ॲप्लिकेशन्समध्ये ओढून झाली. अनोळखी कंपनीची म्हणून मॅकनं अडवली, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली. बंद करून चालू केला. वाय-फाय सोडून मोबाइलचं नेट लावलं. पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला, आमच्याकडून सगळं ओके आहे, मॅडमचं डिजिटल प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरला दाखवायचं ओळखपत्र, कालच काढलंय. म्हणजे घोळ इथंच होता.

तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. शहराच्या कडेच्या या सातारा परिसरात इमारती भराभर उगवल्या, नळ मात्र आले नाहीत, आणि त्यात यंदा दुष्काळ. टँकर पाच दिवसांनी आला होता आणि पाइप धरायची पाळी नेमकी याच घराची. नीरजाताईंनी ओढणी कमरेला खोचली. "तनुजा, माझी नोकरी तुझ्या हातात आहे बरं," म्हणत त्या जिना उतरल्या.

घरात राहिले नीरजाताईंचे सासरे, मधुसूदनराव. वैजापूरच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. तासाभरात त्यांनी तिला दोनदा चहा विचारला होता आणि एकच पेपर चारदा उलगडून पुन्हा घडी करून ठेवला होता.

हताश होऊन तनुजा पडद्याकडं बघत बसली. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत वार होता. मंगळवार.

"काका, आज गुरुवार ना?"

"गुरुवारच. माझा उपास आहे."

"मग ह्यो मंगळवार का दाखवतोय?"

मधुसूदनरावांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपराआडून आवाज आला, "ते मी केलंय."

मग सगळं बाहेर आलं. मॅक परवा, मंगळवारी, अक्षय्य तृतीयेला घरी यायचा होता. कुरियरवाल्यानं दोन दिवस उशीर करून आज सकाळी आणला. घरात दुसरं कुणी नव्हतं. कचेरीत असताना कंप्युटरची परीक्षा दिलेली, हात शिवशिवत होते. त्यांनी मॅकला हळदकुंकू वाहिलं, तारीख दोन दिवस मागं सारली, आणि मगच पहिली फाइल उघडली.

"दीड वर्षानं नोकरी लागलीय पोरीला," ते म्हणाले. "साध्या दिवशी कसं सुरू करायचं मशीन? आमच्या कचेरीत तर मागल्या तारखेत नोंद घ्यायला कुणी विचारायचं सुद्धा नाही."

तनुजाला हसू आवरेना. प्रमाणपत्र काढलेलं बुधवारी, आणि मॅकच्या लेखी अजून बुधवार उजाडलाच नव्हता.

"तारीख पुढं घ्यावी लागंल, काका."

"म्हणजे मुहूर्त गेला की."

"एक सांगा. मागल्या तारखेत नोंद घेतल्यावर कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ बी मागं सारायचात का?"

"छे. नोंद तेवढी मागची. कामकाज आजचंच."

"मग नोंद झाली की तुमची. आता कामकाज चालू करू."

म्हातारबुवांनी थोडा विचार केला. मग डायरी काढली, तिला मान फिरवायला लावली, कारण पासवर्ड परक्याला दाखवत नसतात, आणि एका बोटानं स्वतःच तारीख पुढं आणली. तनुजानं क्लायंट उघडला. दोन सेकंदांत जोडणी झाल्याचा हिरवा ठिपका लागला. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फोन वाजला. कचरूभाऊंचा आवाज असा, की स्पीकरची गरज नाही. "काय गं, निघू का मी? का काउंटर पुसून ठेवू?"

"जमलं, भाऊ."

"घोळ काय होता?"

तनुजानं मधुसूदनरावांकडं पाहिलं. ते चष्मा पुसत होते. "सेटिंग व्हती एक. आपोआप बदलली."

"आपोआप बदलती व्हय? खरं कारण रिपोर्टवर लिहून आण. नाय तर जमलं असं मी धरणार नाय."

चारला पाच कमी असताना नीरजाताई भिजलेल्या ओढणीनं हात पुसत वर आल्या, हिरवा ठिपका बघितला आणि आधी तनुजाला घट्ट मिठी मारली, मग खुर्चीवर बसल्या.

तनुजा रिपोर्टचा कागद घेऊन दाराशी घुटमळली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचत नव्हतं. मधुसूदनरावांनी कागद तिच्या हातातून काढून घेतला, खिशातलं पेन उघडलं आणि वळणदार अक्षरात शेरा मारला:

'सदर बिघाड घरातील वडीलधाऱ्या इसमाने जाणूनबुजून केलेला आहे. कु. तनुजा यांनी तो शोधून दूर केला. सबब त्यांना यापुढे काउंटरवर बसविण्यात येऊ नये.'

खाली लफ्फेदार सही केली, आणि पेन तिच्यापुढं धरलं.

"तारीख तेवढी तू टाक. माझ्या हाताला सवय वाईट आहे."