खरा शेतकरी

"तिसरा दिवस, खेडेगाव," मायामीहून योआंद्रीचा आवाज आला. "साडेआठला हवानाहून निघायचं. अकरा ते एक, खऱ्या शेतकऱ्याचं घर. मग गुहा, गुहेतली होडी. संध्याकाळी परत."

ओदालीसनं फोन ओसरीच्या कठड्यावर डब्याला टेकवून ठेवला होता, कारण तिच्या दोन्ही हातांना तंबाखूचा चीक लागला होता. समोर तिचा बाप नेमेसिओ बसला होता. बापलेक ओली पानं दोऱ्यात ओवत होती.

"पपा जवळ आहेत का गं?"

नेमेसिओनं मान न उचलता हातातली सुई नाही म्हणून हलवली.

"शेतावर गेलेत," ओदालीस म्हणाली.

"बरं झालं. तुझ्याशीच बोलायचं होतं."

अकरा वर्षांनी योआंद्री, तिचा भाऊ, येणार होता, बायको आणि दोन मुलांना घेऊन, पाच दिवसांसाठी. महिनाभर तो तिकडच्या थंडगार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. गाडी जुन्या काळातली हवी, पण आत एसी हवा. जेवण गावाकडचं हवं, पण कमी तेलाचं. ओदालीस हे सगळं मुकाट ऐकून घेत होती ते बापासाठी. बापाला लेक आणि न पाहिलेली नातवंडं डोळे भरून बघायची होती. तसं तो बोलला नव्हता. पण मागच्या आठवड्यात त्यानं पुढच्या खोलीला चुना लावला होता.

"मग पपांकडे कधी येताय?" तिनं विचारलं.

"तेच सांगतोय. तू त्यांना एक वाजता तिठ्यावर घेऊन ये. गाडी थांबवतो तिथं. दहा मिनिटं गप्पा मारू, फोटोबिटो काढू."

"तिठ्यावर? घरी नाही?"

"अगं, आपल्या घराकडचा रस्ता तुला माहीत आहे ना. गाडी भाड्याची. शिवाय मुलं बरोबर. संडास अजून बाहेरच आहे ना?"

"बाहेरच आहे. तूही त्यातच जायचास."

"झालं तुझं सुरू! लगेच तिरकं बोलू नकोस, ओदा."

"आणि हा खरा शेतकरी कोण म्हणे?"

"थांब, फोटो पाठवतो. बायकोनंच नेटवर शोधलाय. पाच चांदण्या आहेत त्याला!"

फोटो आला. डोक्यावर गवती टोपी, ओठांत न पेटवलेला चिरूट, एक हात बैलाच्या मानेवर. ओदालीसनं कोपरानं फोन जवळ ओढला आणि तिला हसावं की थुंकावं तेच कळेना. तो कासिमिरो होता. इथून तीन किलोमीटरवर राहणारा. त्याचा जन्म पोस्टाच्या खिडकीत शिक्के मारण्यात गेला, नांगराला त्यानं हात लावला नाही. प्रवासी यायला लागले तशी त्यानं टोपी घातली. बैल मागून आणलेले. वखारीत टांगलेली पानंसुद्धा नेमेसिओनं खराब म्हणून बाजूला टाकलेली, तीही हा दर हंगामाला येऊन घेऊन जायचा. स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, फरशी लावलेला संडास. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. तिच्या भावानं तर वळशाचं आगाऊ तिकीट काढलं होतं.

"अरे गाढवा, हा कासिमिरो! पोस्टातला!"

"काय सांगतेस! शिक्केवाला कासिमिरो?" योआंद्री खो खो हसला. "लेकाच्यानं नशीब काढलं की!"

"मग रद्द कर ते."

"आता नाही रद्द होत गं. आणि मुलांना खरा शेतकरी बघायचाय. परत गेल्यावर शाळेत सांगायचंय त्यांना."

"मग तुझा बाप काय खोटा आहे?"



"तसं नाही गं," तो म्हणाला. "पपा बोलत नाहीत. मुलांना आपली भाषा येत नाही. पपा नुसते बसून राहणार, मुलं कंटाळणार. तिकडे कसं, सगळं समजावून सांगतात, इंग्रजीत. तू पपांना नीट सांग. त्यांचं काही म्हणणं नसतं."

ओदालीसनं चिकट बोटानंच फोन बंद केला.

"ऐकलंत ना?" ती बापावर ओरडली. "साहेबांना तुमची अडचण होते! तुम्ही नाही यायचं तिठ्यावर. मी जाते एकटी, आणि त्याच्या बायकोपोरांसमोर त्याची अशी काढते की पुन्हा या बेटाचं नाव घेणार नाही."

नेमेसिओनं दोऱ्याला गाठ मारली आणि टोक दातानं तोडलं.

"कासिमिरोला निरोप दे," तो म्हणाला. "त्या दिवशी कॉफी द्यायला मी येतो म्हणावं. पाहुणे असले की त्याला माणूस लागतोच."

"पपा! त्या सोंगाड्याच्या घरी? तुम्ही?"

"टोपी देईल ती घालीन."

"आणि तुमच्या लेकानं ओळखलं नाही तर? जाताना तुमच्या हातावर बक्षिसी ठेवली तर?"

"ठेवू दे. तिकडून दर महिन्याला पैसे पाठवून ठेवतोच की." त्यानं नवं पान उचललं, देठ चाचपला आणि सुई टोचली. "तिठ्यावर पोरं दहा मिनिटं दिसणार. तिथं दोन तास दिसतील."