उन्हाळ्यातली विचारपूस

दार उघडेना. गेल्या वाटतं काकू, असं ताईच्या मनात आलं, आणि तिला काहीच वाटलं नाही. तिने पुन्हा बेल दाबली.

शिवणकाम करणाऱ्या काकूंनी दार उघडलं. चेहरा घामाने निथळत होता.

"चक्कर? उलटी?"

"काही नाही गं."

"पाणी?"

"पिते की. मी काय उंट आहे?"

ताई हसली नाही. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्यांची उन्हाळ्यात विचारपूस करायला कॉलेजच्या मुलांनी पथक काढलं होतं. ताई त्यात पहिल्यापासून होती. त्याआधी हवामानाच्या मोर्चांत घोषणा देऊन देऊन तिचा घसा बसायचा. ऊन मात्र दर साली चढतच गेलं. गेल्या महिन्यात समोरच्या इमारतीतले निवृत्त पोस्टमास्तर तिलाच सापडले. तापलेल्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेलेले. तिने रुग्णवाहिका बोलावली, घरी आली, जेवली, झोपली. रडू आलंच नाही. त्यानंतर तिने एकेक घर सोडून दिलं. हे एवढंच उरलं होतं, कारण रोज काकूंचा फोन यायचा, "आज फार गळून गेल्यासारखं वाटतंय गं."

"काकू, उद्यापासून मी नाही येणार. आपण दारं वाजवत फिरायचं, ऊन वाढायचं ते वाढतंच. काय उपयोग?"

काकूंनी नुसते डोळे मिटले. रुमाल ओला करून आणावा म्हणून ताई आत गेली आणि चुकून भलतंच दार उघडलं. गार हवेचा झोत अंगावर आला. एसी चालू होता. खिडकीपाशी शिलाई मशीन होतं आणि पलंगावर काकूंची सून लॅपटॉप घेऊन बसली होती.

"म्हणजे काकू एकट्या नसतात?"

"छे! मी घरूनच काम करते. सासूबाईही दिवसभर इथेच असतात. तुमची यायची वेळ झाली की बाहेर जाऊन बसतात, घाम येईपर्यंत." सुनेने आवाज खाली आणला. "तुमची आई कपडे शिवायला टाकायला आली होती ना. म्हणाली, पोर अंथरुणातून उठत नाही. कुणाच्या जिवावर बेतलंय म्हटलं, तरच घराबाहेर पडते."

ताईने दार अलगद ओढून घेतलं. रुमाल भिजवून तिने काकूंच्या कपाळावर ठेवला.

"काकू, तुमचं काही खरं नाही," ती कशीबशी म्हणाली. "उद्या मला यावंच लागेल."